यमुनाबाईचं म्हणणं

रत्नागिरीच्या कचेरीच्या आवारात, उंडीच्या झाडाखाली, काशीराम शिवलकर चटई टाकून बसायचा. इंग्रजी अर्ज लिहिणारे आवारात आणखीही होते, पण त्यांच्यापुढे माशा आणि काशीरामपुढे माणसं, असा रोजचा देखावा असे. म्हणून काशीरामला त्यांच्यापेक्षा जास्त इंग्रजी येत होतं असं मुळीच नाही. मॅट्रिकने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं आणि स्पेलिंगच्या बाबतीत तो बराचसा देवावर भरवसा ठेवून असे. पण त्याचे दोन नियम होते, आणि ते मोडलेले कुणी पाहिले नव्हते.

पाळी लावून चटईवर येऊन बसलेल्या माणसाला तो परत पाठवत नसे, हा एक. मग तो माणूस कितीही भांडखोर असो. दुसरा नियम असा, की अर्ज लिहून झाला की तो सगळा मराठीत वाचून दाखवायचा, तोही मोठ्याने. एकट्याला हळू वाचून दाखवलं की माणूस नुसती मान डोलावतो, चारचौघांत ऐकलं की त्याला खरंखोटं आठवतं, असं काशीरामचं मत होतं. ऐकणाऱ्याने 'व्हय, ह्येच माजं म्हणणं' असं तोंडाने म्हटलं तर अंगठा. नाही म्हटलं तर कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे अर्ज कुणाचाही असला तरी तो सगळ्या आवाराला पाठ होई, आणि काम नसलेली माणसंही उंडीखाली सावलीचं निमित्त काढून टेकत.

एकतीस सालच्या माघातली ही गोष्ट. त्या सकाळी चटईवर वेळणेश्वरचा महिपत बसला होता. त्याच्या होडी ओढायच्या जागेवर सरकारी माणसांनी खांब पुरून ठेवला होता, तो काढावा म्हणून अर्ज. काशीरामने लिहिला, शाई वाळवली, घसा साफ केला आणि वाचायला घेतला.

"अर्जदार हा वेळणेश्वरचा राहणारा असून तो गरीब माणूस आहे. तो आपल्या वाडवडलांपासून सदर जागी होडी ओढत आला आहे. खांबामुळे त्याला..."

"थांबा थांबा," महिपत म्हणाला. "ह्यो 'तो' कोन?"

"तूच."

"मी तर हितं बसलोय तुमच्या म्होरं! त्या साहेबाला वाटंल, वेळनेसरात आनिक कोनतरी हाय."

हा प्रश्न काशीरामला नवीन नव्हता. उलट तो कुणी विचारला की त्याला बरंच वाटे, कारण त्याचं उत्तर त्याने स्वतः शोधून काढलेलं होतं. "इंग्रजी अर्जात 'मी' नसतो रे," तो मांडी सावरून म्हणाला. "साहेबापुढं 'मी, मी' करत गेलास की साहेबाला वाटतं, हा भांडायला आला. 'तो' म्हटलं की कुणा तिसऱ्याचीच हकिगत. साहेब खुर्चीला पाठ टेकतो आणि निवांत ऐकतो. शिवाय आपलंही बरं. आपण बाजूला उभं राहून आपल्याकडं बोट दाखवायचं. रडू येत नाही, राग येत नाही, सरळ सांगून होतं."

महिपतने जरा विचार केला. मग स्वतःच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, जणू तिथे गरीब अर्जदार खरोखरच बसला असावा. "बरं हाय," तो म्हणाला. "व्हय, ह्येच माजं म्हणणं." आणि अंगठा उठवून बाजूला सरकला. घरी जायची घाई त्याला नव्हतीच, होडी दुपारच्या भरतीला सुटायची होती.

"पुढचं कोण?" काशीरामने मान खाली ठेवूनच विचारलं.

चटईवर बांगड्या वाजल्या. त्या बांगड्यांचा आवाज काशीरामच्या चांगल्याच ओळखीचा होता. त्याने दचकून वर पाहिलं, तर समोर त्याची बायको, यमुनाबाई, पदर नीट घेऊन, हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती.

आता यमुनाबाई कचेरीत का आली, हे काशीरामला विचारायची गरज नव्हती. महिनाभर घरात जो विषय काढायचा नाही असं त्याने बजावलं होतं, तोच विषय पायांनी चालत इथवर आला होता.

विषय म्हणजे मालन. ही त्यांची एकुलती मुलगी. लग्न करून मुंबईला दिली. जावई गिरणीत होता, स्वभावाने गरीब, पण पुरतं वर्षही झालं नाही आणि तापाने गेला. मालन रिकाम्या कपाळाने आगबोटीतून माहेरी आली. त्यानंतर यमुनाबाई मोठ्या दुखण्याने सरकारी दवाखान्यात पडली होती, तेव्हा मालनने तिचं सगळं केलं, आणि शेजारच्या खाटांवरच्या बायांचंही केलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि आपणहून मुंबईच्या एका इस्पितळाला कळवलं. तिथून उत्तर आलं: मुलीला नर्सच्या शिक्षणासाठी घेऊ, वडिलांची इंग्रजीत लेखी संमती शिमग्याच्या आत पाठवा.

साऱ्या जिल्ह्याला इंग्रजीत लिहून देणाऱ्या काशीरामने हे एवढं लिहून दिलं नाही. "परक्यांच्या ओकाऱ्या काढायला मी पोरगी वाढवली नाही," असं तो म्हणाला. "लोक तोंडात शेण घालतील," असंही म्हणाला. आणि मग, विषय काढायचा नाही.

"घरी जा," काशीराम दबक्या आवाजात म्हणाला. "हे काय मांडलंयस?"

"पाळी लावून बसलंय," यमुनाबाई साध्या आवाजात म्हणाली. "ह्या दादांच्या मागं."

"व्हय व्हय," महिपतने लगेच साक्ष दिली. "सकाळधरनं बसल्यात बिचाऱ्या. मीच म्हटलं, होतंय आता, थोडं थांबा."

रांगेतली माणसं पुढे सरकली. काशीरामने आजूबाजूला पाहिलं, पण नियम त्याचा त्यानेच केलेला होता आणि आवारात तो सगळ्यांना माहीत होता. त्याने कोरा कागद ओढला. टाक शाईत जरुरीपेक्षा जास्त बुडवला.

"नाव?"

"तुमाला ठावं नाय?"

"विचारायची पद्धत आहे."

"यमुना."

"नवऱ्याचं नाव?"

यमुनाबाईने तोंडाला पदर लावला. चटईवर आलेली कुठलीही बाई इथे अडायची, आणि मग रांगेतलं कुणीतरी तिच्यावतीने ते नाव सांगायचं, अशीही पद्धत होती. आज सांगायला सगळेच उत्सुक होते. "काशीराम!" महिपतने सगळ्यांच्या आधी आरोळी ठोकली, आणि काशीरामने स्वतःचं नाव, कुणा अनोळखी माणसाचं लिहावं तसं, कागदावर लिहिलं.

"नवऱ्याचा धंदा?"

"दुसऱ्यांचं म्हणणं ल्हितात," यमुनाबाई म्हणाली. मग जरा थांबून, "दुसऱ्यांचंच," असं वर जोडलं.

कुणीतरी खोकलं. काशीराम ऐकू न आल्यासारखं करून लिहीत राहिला. अर्ज कुणाला, हे त्याने विचारलं. मुंबईच्या इस्पितळातल्या मोठ्या बाईंना, असं तिने सांगितलं. मागणं काय? तर बापाची सही मिळत नाही, तेव्हा आईचा अंगठा चालवून घ्यावा आणि मुलीला ठेवून घ्यावं. सारं तिने मनात आधीच रचून आणलेलं असावं, कारण बोलताना ती कुठे अडखळत नव्हती. काशीरामचा टाकही चालू होता. इंग्रजी अर्जाचं प्रत्येक कलम 'दॅट'ने सुरू होतं आणि एकदा 'दॅट' लिहिलं की त्याचा हात आपोआप पुढे जाई. दॅट अर्जदाराला एक मुलगी आहे. दॅट ती विधवा आहे. दॅट तिचा हात दुखणेकऱ्याला हलका लागतो. लिहिता लिहिता त्याला हे पटतही होतं, आणि ते पटतंय याचा रागही येत होता.

"आता कारण," तो म्हणाला. "मुलीचा बाप सही का देत नाही, ते लिहावं लागेल. नाहीतर ती बाई विचारणार." आणि तिच्या उत्तराची वाट न पाहताच तो लिहायला वाकला. "लिहितो, की कुटुंबाच्या अब्रूस्तव आणि लोकांच्या..."

"असं मी बोल्लंय?"

टाक थांबला. "तू बोलली नाहीस. पण कारण तेच आहे."

"त्ये त्येंचं म्हणणं," यमुनाबाई म्हणाली. "अर्ज माजा हाय."

 गेली कित्येक वर्षं भांडणाऱ्या भावांना, सासवा-सुनांना, हद्दीवरून तंटा करणाऱ्या शेजाऱ्यांना काशीराम हेच सांगत आला होता: त्याचं त्याच्या अर्जात, तुझं तुझ्या अर्जात. एकच हकिगत, पण सांगणारा बदलला की अर्ज दुसरा. ती त्याच्याच तोंडची वाक्यं यमुनाबाई रोज जेवताना ऐकत होती, हे तो विसरला होता.

"मग तुझ्या मते काय कारण?"

"भितात."

 उंडीखाली शेंगदाणे फोडणाऱ्या एका म्हाताऱ्याने हातातली शेंग तशीच धरली.

"काय म्हणालीस?"

"भितात. ल्ह्या ना. थांबलात कशाला?" आता मात्र यमुनाबाईचा आवाज जरा हलला. पण ती काशीरामकडे बघतच नव्हती. आपल्या नवऱ्याबद्दल कुणा अर्ज लिहिणाऱ्या कारकुनाला सांगावं, तसं ती कागदाकडे बघून सांगत होती. "आमचे धनी वायट न्हाईत. लोकांचं नाव फुडं करतात, पन लोक ह्येंना कुटं इचारायला येतात? लगीन झालं तवा पोरीला ह्येंनीच हाताला धरून बोटीत बशिवली. आनि ती तशी परत आली. तवापासून ह्येंना वाटतंय, आपल्याच हाताला काय तरी झालंय. आता त्याच हातानं सही कशी करायची?"

काशीराम लिहीत होता. तो काय लिहितोय ते त्याला कळत नव्हतं असं नाही, पण इंग्रजीत लिहिताना सगळं एक हात लांब राहत होतं. 'ही इज अफ्रेड', त्याने लिहिलं. 'ही' म्हणजे कुणीतरी. इंग्रजीत सासऱ्यालाही 'ही' आणि सालगड्यालाही 'ही'. त्यात मान नाही आणि अपमानही नाही.

"आनि भोंगा," यमुनाबाई म्हणाली.

"कसला भोंगा?"

"बोटीचा. बंदरात बोट लागली की भोंगा वाजतो. धनी जेवत असले तरी ताटावरनं उठतात आनि मागच्या दारी जाऊन बघतात, पोर परड्यात हाय ना. ती परड्यात फुलं काढत असते, नायतर धुणं वाळत घालत असते. तिला बघतात आनि परत येऊन बसतात. म्हंतात, पानी प्यायला उठलो. तांब्या ताटाशीच असतो."

काशीरामने मान वर केली. हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. म्हणजे तो उठायचा हे त्याला माहीत होतं, पाणी प्यायचं असतं म्हणून. तांब्या कुठे असतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"हेही लिहायचं?" त्याने विचारलं.

"सगळं ल्ह्यायचं. काल पोरीनं भरलेली ट्रंक रिकामी केली. काय बोलली नाय. एकेक लुगडं काढून परत दांडीवर घातलंन. त्ये माज्यानं बघवलं नाय, म्हणून मी आलंय. त्ये पन ल्ह्या."

त्याने तेही लिहिलं. मग शाई वाळवली. वाळलेली होती तरी आणखी वाळवली. शेवटी कागद हातात घेऊन तो वाचायला लागला, आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचायला लागला.

पहिली कलमं नीट गेली. अर्जदार रत्नागिरीची राहणारी आहे, तिला एक मुलगी आहे, मुलीचा हात हलका आहे, इथपर्यंत त्याचा आवाज नेहमीचा होता, कचेरीतला. पण इंग्रजीतून मराठीत आणताना तो 'ही'चा नेहमी 'तो' करायचा, आणि आजही सवयीने तेच झालं.

"अर्जदाराचा नवरा वाईट माणूस नाही," काशीरामने वाचलं. "तो भितो."

यमुनाबाईने जीभ चावली. इतक्या वर्षांत तिने नवऱ्याला मनातही 'तो' म्हटलं नव्हतं. पण वाचणारा थांबला नाही. "त्याने आपल्या मुलीला हाताला धरून बोटीत बसवलं होतं. आपल्या हातालाच दोष आहे असं त्याला वाटतं. बंदरात भोंगा वाजला की तो जेवणावरून उठतो आणि मुलगी घरात आहे का ते पाहून येतो. विचारलं तर तो सांगतो, की पाणी प्यायला..."

पुढचा शब्द निघेना. काशीरामने पुन्हा घसा साफ केला. पुन्हा त्याच जागी आला आणि पुन्हा तिथेच अडला. बाजूला उभं राहून आपल्याकडे बोट दाखवलं की रडू येत नाही, असं तो सकाळीच सांगून बसला होता. पण तो माणूस, तो ताटावरून उठणारा, मागच्या दारी उभा राहून लेकीला चोरून बघणारा, त्याला आता इतका स्पष्ट दिसला की त्याची त्याला दया आली. असा कुणी चटईवर येऊन बसला असता तर काशीरामने आधी त्याच्या पाठीवर हात ठेवला असता.

"घ्या, पानी घ्या," महिपत कळवळून म्हणाला आणि त्याने आपला तांब्या पुढे केला.

"तांब्या हाय माझ्याजवळ!" काशीराम ओरडला.

आणि मग काय बोलून गेलो हे त्याच्या ध्यानात आलं. आधी यमुनाबाई हसली, पदराआड, खांदे हलवत. मग म्हातारा हसला, मग सगळी रांग. महिपतला काही कळलं नाही, पण तोही हसला. काशीरामने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि उरलेलं कलम, ट्रंकेचं, कसंबसं वाचून संपवलं.

"हेच तुझं म्हणणं?" त्याने विचारलं.

"व्हय," यमुनाबाई म्हणाली. "ह्येच माजं म्हणणं."

त्याने शाईची पेटी पुढे सरकवली. पण तिने अंगठा पुढे केला नाही. ती उठूनच उभी राहिली आणि लुगड्याला लागलेली पानं झाडायला लागली.

"अंगठा?"

"ऱ्हाऊ दे. फाडा तो कागद," ती म्हणाली. "त्या मुंबईच्या बाईला मला कुटं काय आयकवायचं होतं? घरी तुमी आयकत नाय. हितं बसलात की सगळ्यांचं आयकता, म्हणून आलंय. मी जातंय, चुलीवर काय नाय अजून."

काशीराम कागदाकडे बघत राहिला. त्याच्या हातचा तो काही फार चांगला अर्ज नव्हता. दोन ठिकाणी शाई पसरली होती. पण इतका खरा अर्ज त्याने कधी लिहिला नव्हता, आणि त्यातला एक शब्दही त्याचा नव्हता.

"बस," तो म्हणाला.

"आता काय?"

"बस म्हणतोय ना. अर्ज जाऊ दे मुंबईला. खाली मी लिहितो." आणि त्याने खरंच अर्जाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ लिहिली: अर्जदाराच्या नवऱ्याची याला पूर्ण संमती आहे. इथेही त्याच्या टाकातून 'मी' उतरला नाही, सवयीचा माणूस! पण त्याखाली सही मात्र पूर्ण केली, नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि त्या सहीवर वाळू टाकली.

यमुनाबाई पुन्हा बसली. तिचे डोळे भरून आले होते, पण रांगेसमोर ते दाखवणं तिला बरं वाटेना, म्हणून ती कामाचं बोलली. "मग त्ये मधलं खोडा. भितात, भोंगा, तांब्या, त्ये सगळं. सही झाली ना? परक्या बाईला आपल्या घरातलं कशाला? हसंल ती तुमाला."

काशीरामने टाक उचलला. ते कलम बोटाने शोधलं. 'ही इज अफ्रेड' या शब्दांवर टाकाचं टोक बराच वेळ राहिलं.

"नाय खोडत," तो म्हणाला. कचेरीतली शुद्ध भाषा आता त्याच्या तोंडातून पुरती गेली होती. "हसू दे. पोर तिकडं एकटी ऱ्हानार. ती बाई तिला रातपाळी लावनार, चुकली तर वरडनार, कवा आजारी पडली तर तिलाच बघायला लागनार. तवा तिला ठावं असू दे, की ह्या पोरीच्या मागं रत्नागिरीत एक बाप हाय, आनि तो लय भितो."

 माणसं आपला अंगठा आपणच शाईला लावत, काशीराम फक्त कागद धरायचा. आज त्याने भर कचेरीत, सगळ्यांच्या देखत, बायकोचा हात आपल्या हातात घेतला, तिचा अंगठा शाईवर टेकवला आणि कागदावर दाबून धरला. महिपतने शहाण्यासारखं तोंड फिरवलं. ठसा उठला तरी काशीरामने हात सोडला नाही, आणि रांगेतल्या कुणीही त्याला घाई केली नाही.